वाइन, प्रोटॉन आणि तीन टक्के

सेकंदाला ६ फ्रेम. २०१२ साली व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीतल्या एका लहान गटानं ‘लेफ्ट फॉर डेड २’ हा झॉम्बींशी झुंजायचा खेळ पहिल्यांदा लिनक्सवर चालवला, तेव्हा वेग एवढाच होता. वहीच्या कोपऱ्यात काढून अंगठ्यानं फर्रकन उलटवायची चित्रंही याहून जोरात पळतात. यंत्र काही गरीब नव्हतं. त्या वर्षीचं महागडं जीटीएक्स ६८० कार्ड, ३२ जीबी मेमरी आणि उबुंटू १२.०४. गट कामाला लागला. खेळाचा कोड दुरुस्त केला, ड्रायव्हर लिहिणाऱ्या कंपन्यांच्या इंजिनिअरांना हाताशी घेतलं, आणि ऑगस्टमध्ये आकडा जाहीर केला: सेकंदाला ३१५ फ्रेम. त्याच यंत्रावर विंडोज ७ मध्ये हाच खेळ २७०.६ फ्रेमनी चालत होता.

लिनक्सवाल्यांनी हा आकडा छातीशी धरला. खरं तर त्यातून सिद्ध झालं ते थोडकंच: खेळाचे मालक स्वतः बसले, ड्रायव्हरवाले सोबत बसले, तर एक खेळ लिनक्सवर उत्तम चालू शकतो. गावात नळ आला नव्हता. एका वाड्यात आला होता.

व्हॉल्व्हला ही उठाठेव का सुचली? स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं सर्वात मोठं दुकान या कंपनीचं, आणि ते उभं होतं मायक्रोसॉफ्टच्या जागेत. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टनं स्वतःचं दुकान आणलं. घरमालकानंच तळमजल्यावर किराणा थाटला की भाडेकरू दुकानदाराची झोप उडते, तशी गेब न्यूएल यांची उडाली. हे गृहस्थ व्हॉल्व्ह काढण्याआधी तेरा वर्षं मायक्रोसॉफ्टमध्येच होते, त्यामुळे मालकाचा स्वभाव त्यांना बाहेरून ऐकून कळलेला नव्हता. जुलै २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे विंडोज ८ ला पीसीच्या जगावरचं संकट म्हटलं, आणि पर्यायी जागा म्हणून लिनक्सकडे बोट दाखवलं.

पण ही पर्यायी जागा राहण्याजोगी होती का?

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम रंगवायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळानं हजारो वस्तूंची जागा ठरवायची, प्रत्येकीचा पृष्ठभाग, सावली, प्रकाश कसा रंगवायचा याच्या सूचना ग्राफिक्स कार्डाला द्यायच्या आणि कार्डानं त्या पार पाडायच्या. खेळ आणि कार्ड यांच्या मधे ड्रायव्हर बसतो. प्रत्येक कार्डाची आतली बोली वेगळी, ती फक्त त्याच्या ड्रायव्हरला कळते. हा ड्रायव्हर कुणी लिहायचा? कार्डाची बोली ज्याला ठाऊक आहे त्यानं, म्हणजे कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं. आणि कंपन्यांना ती बोली चारचौघांत सांगायची नव्हती.

एनव्हिडियानं लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, पण बंद पेटीत. तो वेगवान होता हे मान्य करायलाच हवं. वर्षानुवर्षं लिनक्सवर गंभीरपणे खेळणारा माणूस एनव्हिडियाचंच कार्ड घ्यायचा. अडचण वेगळी होती. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं, त्यातले ड्रायव्हर त्याच्यासोबत बदलतात, आणि ही बंद पेटी मात्र बाहेरून आणून दर वेळी नव्यानं बसवावी लागते. ती नीट बसली नाही की अपडेटनंतर समोर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारा कर्सर. अशी एखादी रात्र ज्याच्या वाट्याला आली नाही असा जुना लिनक्सवाला विरळाच. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एका श्रोत्यानं एनव्हिडियाचा विषय काढला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून मधलं बोट दाखवलं आणि आपल्याला भेटलेल्या कंपन्यांत ही सर्वात वाईट, असं बजावलं. सभ्यतेच्या दृष्टीनं हे गैरच. पण ते चित्र इतकं गाजलं याचं कारण असंख्य लोकांच्या मनात तेच बोट होतं.

ड्रायव्हरपेक्षा जुनी अडचण मात्र खेळांचीच होती. मुळात लिनक्ससाठी खेळ लिहिणार कोण? १९९८ साली स्कॉट ड्रेकर नावाच्या वकिलानं कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. विंडोजवर गाजलेले खेळ परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे, हा तिचा धंदा. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’पासून सुरुवात झाली, पुढे ‘क्वेक ३’ही आला. लोकांनी कौतुक केलं. गल्ला मात्र भरला नाही. लिनक्सची आवृत्ती बाजारात यायची ती उशिरा, आणि तोवर हौशी लिनक्सवाल्यानं आपल्याच संगणकाच्या दुसऱ्या कप्प्यात विंडोज टाकून तो खेळ विकत घेऊन, खेळून, संपवलेला असायचा. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. मागे राहिली ती एसडीएल ही कोड-लायब्ररी: खिडकी उघडणं, कीबोर्ड-जॉयस्टिक वाचणं, आवाज काढणं अशी खेळातली रोजची हमाली ती करते. तिचा लेखक सॅम लँटिंगा लोकीत होता, २०१२ मध्ये तो व्हॉल्व्हमध्ये गेला, आणि आजही असंख्य खेळांच्या पोटात एसडीएल सापडते.

लोकीची वाट म्हणजे प्रत्येक खेळवाल्याच्या दारात जाऊन ‘आमच्यासाठीही एक लिहा हो’ अशी विनवणी. व्हॉल्व्हनंही पुन्हा तीच धरली. १४ फेब्रुवारी २०१३ ला लिनक्ससाठी स्टीम आलं, त्याच वर्षअखेरीस डेबियन लिनक्सवर उभारलेली स्टीमओएस आली, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेली ‘स्टीम मशिन’ ही टीव्हीखाली ठेवायची यंत्रं बाजारात आली. गिऱ्हाईकाचा प्रश्न साधा होता: माझे खेळ यावर चालतात का? बहुतेकांचं उत्तर होतं, नाही. विंडोजचा पीसी तेवढ्याच पैशात सगळं चालवत असताना निम्म्याहून कमी चालवणारं यंत्र कोण घेईल? कुणी घेतलं नाही.

तोवर कोपऱ्यात वीसेक वर्षं एक वेगळंच काम चालू होतं. त्याचं नाव वाइन.

वाइनचा प्रकल्प १९९३ सालचा. १९९४ पासून अलेक्सांद्र ज्युलियार त्याची धुरा वाहत आहेत. नावाचा विस्तार ‘वाइन इज नॉट अॅन एम्युलेटर’ असा सांगतात, म्हणजे नावातच खुलासा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. नागपूरचा आचारी पुण्यातल्या एखाद्या घरी लग्नाच्या स्वयंपाकाला आला असं धरा. स्वयंपाक तोच करणार, हात त्याचेच, चूल इथलीच. फक्त तो ‘सराटा’ मागतो आणि या घरात त्याला उलथनं म्हणतात. शेजारी दोन्हीकडचे शब्द जाणणारा एक माणूस उभा केला की काम भागलं. विंडोजचा प्रोग्रॅम आणि लिनक्स दोघे एकाच प्रोसेसरवर चालतात, त्यामुळे प्रोग्रॅममधल्या बहुतेक सूचना जशाच्या तशा चालतात. अडतं ते मागण्यांपाशी: फाइल उघड, खिडकी काढ, आवाज दे. विंडोजमध्ये या मागण्यांना ठरावीक नावं आहेत. वाइन त्याच नावांनी ओ देते आणि आतून लिनक्सकडून काम करवून घेते.

ऐकायला सोपं. पण अशा मागण्या हजारोंनी आहेत, कित्येकांचं खरं वागणं कुठेही लिहिलेलं नाही, आणि विंडोजचा मूळ कोड वाइनवाल्यांनी पाहायचाही नाही, कारण पाहिला तर खटला ओढवेल. त्यामुळे बाहेरून टिचक्या मारून आत काय आहे ते ओळखायचं. त्यातही गंमत अशी की विंडोजच्या चुकाही हुबेहूब उतरवाव्या लागतात. एखादा प्रोग्रॅम नेमका त्या चुकीच्या भरवशावर लिहिलेला असतो. वाइनची १.० आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली. पंधरा वर्षं. नोटपॅडपासून फोटोशॉपपर्यंत बरंच काही चालू लागलं होतं, पण नवे त्रिमिती खेळ म्हटले की तोंडाला फेस यायचा. विंडोजचे खेळ कार्डाशी बोलतात ते डायरेक्ट३डी या भाषेत. लिनक्सकडे ओपनजीएल होती. दोघींचा घाट वेगळा, आणि ओपनजीएलचा ड्रायव्हर स्वतःच्या डोक्यानं बरेच अंदाज बांधायचा. दुभाष्या सांगणार एक, ड्रायव्हर समजणार दुसरं, फ्रेम रखडणार.

फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रोनॉस या उद्योगसंस्थेनं व्हल्कन ही नवी भाषा आणली. तिचं बीज एएमडी या दुसऱ्या कार्ड-कंपनीच्या मँटल नावाच्या प्रयोगात होतं. व्हल्कनमध्ये ड्रायव्हर अंदाज बांधत नाही. मेमरी कुठली, काम कोणत्या क्रमानं, कुणी कुणासाठी थांबायचं, सगळं बोलणाऱ्यानं सांगायचं. खेळ लिहिणाऱ्याला ही कटकट वाटते. दुभाष्याला मात्र असाच शब्दाला शब्द ऐकणारा श्रोता हवा असतो. आणि दुभाष्या लवकरच भेटला. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळायचा होता. वाइनमध्ये तो धड चालेना. मग त्यानं डायरेक्ट३डी ११ चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा थर स्वतःच लिहायला घेतला. त्याचं नाव डीएक्सव्हीके. काही महिन्यांतच व्हॉल्व्हनं त्याला या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली. एका माणसाची खेळायची खाज इतक्या लोकांच्या कामी आल्याचं दुसरं उदाहरण मला तरी पटकन आठवत नाही.

२१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकीचं सामान एकत्र बांधून व्हॉल्व्हनं प्रोटॉन नावानं थेट स्टीममध्ये बसवलं. पहिल्या दिवशी तपासून मंजूर केलेले खेळ होते २७, आणि त्यात ‘निअर: ऑटोमाटा’ होताच. उरलेले खेळ ‘तुमच्या जबाबदारीवर’ चालवून बघायची एक खूण होती. लोकांनी ती खूण केली आणि शेकडो खेळ चालताना पाहून स्वतःच चकित झाले. या घडीपासून विनवणी संपली. खेळवाल्यानं लिनक्सचं नावही ऐकलेलं नसलं तरी त्याचा खेळ चालू लागला.

मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वात विनोदी कलाटणीचा भाग वाटतो. लिनक्सच्या जगात अभिमान कमी नाही. ‘आमच्यासाठी खास लिहिलेलं’ हे तिथे वर्षानुवर्षं मानाचं होतं. आणि आज परिस्थिती अशी की दहा-बारा वर्षांपूर्वी खास लिनक्ससाठी केलेली आवृत्ती नव्या लिनक्सवर रुसून बसते, तर त्याच खेळाची विंडोज आवृत्ती प्रोटॉनमधून सुरळीत चालते. कारण लिनक्समध्ये कर्नल आपला शब्द पाळतं, पण त्याच्यावरच्या लायब्ररी बदलत राहतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीच्या नव्या आवृत्तीनं एक जुनी तक्त्याची पद्धत वगळली, आणि त्यावर विसंबलेले काही खेळ एका रात्रीत बंद पडले. विंडोजच्या मागण्यांची नावं मात्र तीस वर्षं तीच आहेत. लिनक्सवरचा सर्वात टिकाऊ पाया म्हणजे विंडोजचा, असा टोमणा प्रोग्रॅमर मंडळी मारतात, आणि तो टोमणा राहिलेला नाही. विंडोजमधले धागे (थ्रेड), म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं, एकमेकांसाठी थांबतात त्या पद्धती वाइनला नीट जमाव्यात म्हणून एलिझाबेथ फिगुरा यांनी लिहिलेला ‘एनटीसिंक’ हा ड्रायव्हर मार्च २०२५ च्या ६.१४ कर्नलमध्ये कामाला लागला. विंडोजच्या सवयींसाठी लिनक्सच्या गाभ्यातच खोली काढली गेली!

२८ फेब्रुवारी २०२२ ला व्हॉल्व्हचं, लिनक्सवर चालणारं स्टीम डेक हातात आलं. सात इंची पडद्याचं, दोन्ही हातांत धरायचं यंत्र, आत एएमडीची चिप, किंमत ३९९ डॉलरपासून. निघालं तेव्हा विक्रीच्या देशांत भारताचं नाव नव्हतं. आपल्याकडे ज्यांनी मिरवलं त्यांनी ते परदेशातून मागवून. त्याच आठवड्यात ‘एल्डन रिंग’ हा बहुचर्चित खेळ प्रसिद्ध झाला आणि विंडोजवर, अगदी महागड्या यंत्रांवरही, मधेमधे अडखळू लागला. डेकवर त्याचं अडखळणं कमी, कारण व्हॉल्व्हच्या लोकांनी भाषांतराच्या थरातच त्यावर इलाज केला. मूळ वक्त्यापेक्षा दुभाष्या अस्खलित बोलला. अडखळण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे शेडर, पृष्ठभाग कसा रंगवायचा ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम. ते कार्डाच्या बोलीत आणायला वेळ लागतो, आणि ऐन लढाईत ते काम निघालं की फ्रेम चुकते. डेक सगळीकडे एकच असल्यानं एकाच्या यंत्रावर तयार झालेले शेडर दुसऱ्याला आधीच पाठवता येतात.

ड्रायव्हरच्या आघाडीवरही गोष्टी उलटसुलट झाल्या. एएमडीनं २००६ साली एटीआय ही कार्डवाली कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी कार्डांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. फळ यायला दशक लागलं. व्हल्कन आली तेव्हा एएमडीचा खुला व्हल्कन ड्रायव्हर तयार नव्हता. वाट पाहायचा कंटाळा येऊन डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहायझेन या दोघांनी २०१६ मध्ये आपलाच, आरएडीव्ही, लिहिला. एएमडीनं नंतर स्वतःचा आणला. दोन्ही बरीच वर्षं शेजारी नांदले. २०२५ मध्ये कंपनीनं आपला सोडून दिला आणि बाहेरच्यांचा आपला म्हणून स्वीकारला. आज एएमडीचं किंवा इंटेलचं कार्ड असेल तर ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. एनव्हिडियानंही मे २०२२ मध्ये कर्नलकडचा भाग खुला केला. मात्र पुष्कळसं गुपित त्याआधी कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये हलवून.

दुसरी कुरबुर पडद्याची. लिनक्सवर खिडक्या काढायचं काम १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्स या यंत्रणेकडे होतं. तिची जागा घ्यायला क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये वेलँड सुरू केलं, आणि ही बदली सतरा-अठरा वर्षं चाललीय. सरकारी बदल्याही याहून लवकर होतात. एनव्हिडियाच्या कार्डांवर वेलँडमध्ये खेळ चमकायचे, मधेच जुनी फ्रेम पुढे यायची. चित्र रंगवून पूर्ण झालं की नाही हे पडद्यावाल्याला नेमकं कळत नव्हतं. ते स्पष्ट सांगायची पद्धत २०२४ मध्ये बसली आणि चमकणं थांबलं. एचडीआरचा, म्हणजे अधिक उजळ-गडद रंगांचा, वेलँडमधला करार २०२५ मध्ये ठरला. एचडीएमआय २.१ चं तर अजबच. एएमडीनं खुला ड्रायव्हर लिहून ठेवला होता, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमनं तो प्रसिद्ध करायची परवानगी नाकारली. कोड होता, केबल होती, टीव्ही होता, सही नव्हती.

सहीचाच प्रश्न चीट पकडणाऱ्या पहारेकऱ्यांनी आणखी मोठा केला. ऑनलाइन स्पर्धेच्या खेळांत भिंतीआडचा शत्रू दाखवणारे, आपोआप नेम धरणारे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांचा सुळसुळाट आहे, आणि त्यांना पकडायला कंपन्या पहारेकरी बसवतात. काही पहारेकरी थेट कर्नलमध्ये, संगणकाच्या सर्वात आतल्या खोलीत बसतात. रायट कंपनीचा व्हॅनगार्ड तर संगणक सुरू होतानाच जागा होतो. वाइनला तिथली नक्कल करता येत नाही, कारण ती खोली विंडोजची नाहीच. शिवाय लिनक्समध्ये मालकाला स्वतःचं कर्नल बांधता येतं. जिथे घरमालक भिंती हलवू शकतो, तिथे भिंतीला टेकून बसलेल्या वॉचमनच्या साक्षीला अर्थ काय? कंपन्यांचं हे म्हणणं खोटं नाही. पण ते पुरेसंही नाही, कारण ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ मध्येच प्रोटॉनमधून चालायची सोय केली. खेळवाल्यानं ती चालू करायची एवढंच. ज्या एपिक कंपनीचा ईझी अँटी-चीट आहे, तिनं स्वतःच्या ‘फोर्टनाइट’साठी ती चालू केलेली नाही. ‘एपेक्स लेजंड्स’नं चालू केली, दोन-अडीच वर्षं लोक आनंदानं खेळले, आणि ३१ ऑक्टोबर २०२४ ला लिनक्स हा चीटवाल्यांचा अड्डा झाल्याचं कारण देऊन दार बंद केलं. त्याच वर्षी ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये व्हॅनगार्ड आला आणि वाइनवर वर्षानुवर्षं चाललेला तो खेळही गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, विंडोज १० चा आधार संपला त्याच महिन्यात, स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांवर गेला. २०२१ मध्ये तो एक टक्क्याच्या आसपास होता. या तीन टक्क्यांतला सुमारे चौथा हिस्सा स्टीमओएसचा, म्हणजे मुख्यतः डेकचा. ज्यांना आपण लिनक्स वापरतो हे माहीतही नसेल, अशी मंडळी त्यात बरीच असावीत.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मागच्या दिवाळीत त्यानं लॅपटॉपवर लिनक्स घातलं. स्टीमवरचे त्याचे खेळ चालतात, हे पाहून तो खूश होता, मी त्याच्याहून. मग त्यानं रायटच्याच एका खेळाबद्दल विचारलं, “मामा, व्हॅलरंट?”

“नाही.”

“कधीतरी?”

मी दहा मिनिटं व्हॅनगार्ड समजावला. त्यानं शांतपणे ऐकलं. आमच्या वेळी संगणक विंडोजचा असायचा आणि कोपऱ्यात २० जीबीचा कप्पा काढून आम्ही तिथे चोरून लिनक्स ठेवायचो. पुढच्या वेळी आला तेव्हा त्याचा लॅपटॉप उघडून पाहिला. सगळी डिस्क लिनक्सची, आणि शेवटी १०० जीबीचा एक कप्पा. त्यात विंडोज, आणि विंडोजमध्ये एकच खेळ.